वर्गात पुढे गेलेल्या मुलांसाठी: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
आणि शालेय शिक्षण विभागातील सर्व वरिष्ठ अधिकारी

सविनय नमस्कार.

मी जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक आहे. नोकरीला २६ वर्षं झाली, त्यातली १९ बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या दोनशिक्षकी शाळांवर गेली. पहिली ते चौथी, दोन खोल्या, पुढे ओटा, मागे लिंबाचं झाड. जूनमध्ये तीसच्या आसपास असलेला पट दसरा-दिवाळीनंतर निम्म्यावर येतो, कारण आमच्याकडची घरंच्या घरं ऊसतोडीला जातात. अशा शाळेतला माणूस हुशार मुलांबद्दल पत्र लिहितोय याचं काहींना नवल वाटेल. आमच्या शाळांचा विषय निघाला की बहुतेक वेळा मागे पडलेल्या मुलांचाच विषय निघतो. मला पुढे गेलेल्या मुलांबद्दल बोलायचं आहे.

आधी एक प्रसंग सांगतो. २०११ चा श्रावण. बाहेर भुरभुर पाऊस, वीज गेलेली, एका खोलीत दुसरी आणि चौथी एकत्र. दुसरीला बेरजा दिल्या होत्या आणि चौथीला गुंतवून ठेवायला मी फळ्यावर एक खेळ मांडला. कोणतीही चार आकडी संख्या घ्या, फक्त सगळे आकडे सारखे नकोत. आकडे आधी उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा आणि मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तेच. मी ३५२४ घेतली. ५४३२ मधून २३४५ गेले, राहिले ३०८७. मग ८७३० मधून ०३७८ गेले, ८३५२. मग ८५३२ मधून २३५८ गेले, ६१७४. पुढे ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी पुन्हा ६१७४ च. कुठूनही निघा, फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ वर येऊन थांबता. हा आकडा १९४९ साली देवळालीच्या एका शाळामास्तरांनी, द. रा. कापरेकर यांनी जगापुढे मांडला, हेही मुलांना सांगितलं.

चौथीत सात मुलं होती. सहा जणांनी दोन-तीन संख्या करून पाहिल्या, ६१७४ आला की ओरडली आणि वह्या मिटून मोकळी झाली. सातवी मुलगी खाली मान घालून करतच राहिली. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेतून ती वही घेऊन माझ्याकडे आली.

"सर, तीन आकड्याला ४९५ वर थांबतंय. पण मधी सारखा नऊच का यायलाय?"

मी वही पाहिली. १९८, ७९२, ६९३, ५९४, ४९५. एकाखाली एक, सगळ्यांच्या मधे नऊ. खरं सांगायचं तर ४९५ मला ठाऊकच नव्हता आणि मधला नऊ मी कधी पाहिलाच नव्हता. त्या रात्री घरी बसून मांडणी केली तेव्हा उमगलं: पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात जेवढा फरक, तेवढी पट ९९, एवढंच ते उत्तर असतं, आणि ९९ च्या पाढ्यात मधे नऊ येतोच. दुसऱ्या दिवशी मी तिला हे समजावून सांगायला लागलो. अर्ध्यावरच ती म्हणाली, "म्हंजे मधल्या आकड्याचं कामच नाही सर. कोणता बी घेतला तरी तेच उत्तर."

ती तेव्हा दहा वर्षांची होती. तिच्या घरात पुस्तक म्हणून पंचांग होतं. मला तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी जाणवल्या. एक, हे मूल माझ्या वर्गातल्या सगळ्या पुस्तकांच्या पुढे गेलेलं आहे. दोन, यापुढे त्याला काय द्यायचं हे मला माहीत नाही, आणि ज्याला विचारावं असं माणूस माझ्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या दहा-पंधरा शाळांच्या गटात, किंवा तालुक्यात कुठं बसतं हेही माहीत नाही.

दसऱ्यानंतर तिच्या आई-वडिलांनी कोयत्याची उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम घेतली. हंगामी वसतिगृहाची सोय होती. मी तिच्या आईला जाऊन भेटलो, हिला इथं ठेवा म्हणालो. आई म्हणाली, "गुरुजी, पोरगी हुशार हाय हे मला बी कळतंय. पण ही राहिली तर धाकट्याला कोपीवर कोण सांभाळील?" कोपी म्हणजे ऊसतोड कामगारांची उसाच्या पाचटाची झोपडी. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वर्षीची शिष्यवृत्तीची परीक्षा, तेव्हा ती चौथीच्या वर्गालाच असायची, हंगामातच येऊन गेली. तिचा अर्ज मी भरला होता. तिचा बाक रिकामा राहिला.

पाडव्याच्या सुमारास टोळी परतली. ती शाळेत आली तेव्हा हातात कागदांची एक जुडी होती, काटापावत्यांची. कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडीमागे मिळतात त्या. प्रत्येक पावतीच्या पाठीवर बारीक अक्षरात पाच आकडी वजाबाक्या. "सर, पाचाचं काही थांबत नाही. गोल फिरतंय." तिचं म्हणणं बरोबर होतं. पाच आकड्यांना ६१७४ सारखा मुक्काम नाही, संख्या ठरावीक फेऱ्यांतच फिरत राहतात. हे तिने पाचटाच्या कोपीत, धाकट्या भावाला मांडीवर घेऊन, पाच महिन्यांत स्वतः शोधलं होतं.

पुढे ती शेजारच्या गावी सातवीपर्यंत शिकली. मग शाळा सुटली. आज ती पंचविशीला टेकली आहे, नवऱ्यासोबत स्वतः कोयत्यावर जाते. तिचं नाव कुठल्याही गुणवत्ता यादीत आलं नाही, कारण ती कुठल्याही परीक्षेला बसू शकली नाही. शासनाच्या दप्तरी असं मूल कधी होतंच, याचा काही पुरावा नाही. त्या पावत्या मात्र मी जपून ठेवल्या आहेत.

साहेब, माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की आपण सरकारी शाळांत हुशार मुलं शोधतो, पण त्यांना शिकवत नाही. शोधण्यासाठी आपल्याकडे परीक्षा आहेत, आणि त्या आजच्या नाहीत. शिष्यवृत्ती परीक्षा १९५४ पासूनची. प्रत्येकी दीडशे गुणांचे दोन पेपर, प्रथम भाषा आणि गणित एकात, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी दुसऱ्यात. नवोदय विद्यालयांची प्रवेश परीक्षा आहे. ही विद्यालयं सुरू झाली तेव्हा देशातल्या पहिल्या दोनपैकी एक आपल्या अमरावतीत निघालं, याचा आपल्याला अभिमान असायला हवा. आठवीत एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा आहे, तिच्यातून नववी ते बारावी महिन्याला १००० रुपये मिळतात आणि महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ मुलांचा कोटा आहे. १९६३ पासून चालत आलेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा मात्र २०२१ पासून थांबली आहे, ती का सुरू होत नाही हा वेगळा विषय.

या परीक्षांना मी नावं ठेवणार नाही. माझ्या स्वतःच्या शिक्षणाला शिष्यवृत्तीचा आधार होता. वर्षाला मिळणारी रक्कम आपल्या विभागाने २०२३ मध्ये वाढवून पाचवीला ५००० आणि आठवीला ७५०० केली, त्याआधी ती पाचवीला फार तर १००० होती. गरिबाच्या घरात त्या पैशाला मोल आहे. पण निकाल लागल्यानंतरचा दिवस आठवून पाहा. गुरुजींचा सत्कार होतो, मुलाला पेढा मिळतो, फ्लेक्स लागतो, पैसे खात्यावर जमा होतात. आणि ते मूल सोमवारी त्याच वर्गात, त्याच बाकावर, त्याच धड्याला येऊन बसतं. बुद्धी आहे हे सिद्ध झाल्यामुळे त्याच्या शिकण्यात काय बदललं? काहीही नाही. एक तास वेगळा मिळत नाही, एक पुस्तक जास्तीचं मिळत नाही, बोलायला एक माणूस मिळत नाही. नवोदयला लागलेल्या मुलाचं सगळं बदलतं, ते खरं. पण साधारण जिल्ह्यामागे एक विद्यालय आणि सहावीला ८० जागा. आणि त्यासाठी दहा-अकराव्या वर्षी घर सोडावं लागतं. ज्याचं घर सुटत नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे काय आहे?

२०१६-१७ पासून शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेली. आता ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलं आहे. जिल्हा परिषदेच्या बहुसंख्य शाळा चौथीपर्यंतच असल्यामुळे हा बदल मला पटतो. तरी या सगळ्या वर्षांत आमच्या बैठकांत, संघटनांच्या निवेदनांत, वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती परीक्षा कोणत्या इयत्तेला घ्यायची याचीच. परीक्षेनंतर त्या मुलाचं काय, यावर एक परिपत्रक माझ्या टेबलावर आलेलं मला आठवत नाही.

आणि या परीक्षांचं तालुक्याच्या गावी काय झालंय ते आपण जाणताच. बसस्थानकासमोर 'नवोदय, सैनिकी, स्कॉलरशिप' अशा पाट्यांची रांग असते. निवासी वर्ग, सराव संच, दिवसाला दोन पेपर. तिथली मुलं कष्ट करतात, त्यांच्याबद्दल मला आपुलकीच आहे. पण दीड मिनिटात पर्यायाचं वर्तुळ काळं करण्याची सवय आणि पाच महिने एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवण्याची वृत्ती या फार वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सवय विकत मिळते. दुसरी वृत्ती आमच्या वाड्या-तांड्यांवर फुकट उगवते आणि कुणाच्या नजरेला पडत नाही.

नजरेची गोष्ट निघाली म्हणून माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मला 'तुमच्या वर्गातली हुशार मुलं कोण?' असं विचारलं की मी जी नावं सांगायचो ती जवळजवळ सगळी वळणदार अक्षराची, रोज अंघोळ करून येणारी, घरी कुणीतरी शिकलेलं असणारी मुलं असायची. एक मुलगा तिसरीत असूनही अडखळत वाचायचा. मी त्याला मागे पडलेल्यांच्या यादीत घातलं होतं. एकदा शाळेतला सौरदिवा बंद पडला. दुरुस्तीला माणूस येईना. या मुलाने तो उघडला, कोणती तार कुठून निघून कुठे जाते ते फरशीवर खडूने काढलं आणि सुटलेला टाका मला बोट ठेवून दाखवला. त्याने काढलेली आकृती मी आजही तशीच्या तशी काढू शकतो. वाचनात मागे असलेलं मूल दुसऱ्या कशात तरी खूप पुढे असू शकतं, हे मला डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. एका मुलाने शिकवलं, तेही उशिरा.

म्हणून निवड फक्त शिक्षकाच्या शिफारशीवर सोडा असंही मी म्हणणार नाही. आमच्या डोळ्यांना जात, घर, कपडे, भाषा यांची सवय झालेली असते. याच महाराष्ट्रात १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या शाळकरी मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्या काळात कोणत्या गुरुजींनी तिचं नाव हुशारांच्या यादीत घातलं असतं? तिच्यातलं तेज दिसलं, कारण तिच्यासाठी आधी शाळा उघडली गेली.

आता एक आक्षेप येईल, तो मला माझ्याच सहकाऱ्यांकडून कैकदा ऐकावा लागला आहे. आधी सगळ्यांना वाचता-लिहिता येऊ दे, मग हुशारांचं बघू. त्यासाठीच्या निपुण भारत अभियानात मी मनापासून काम करतो. तिसरीच्या मुलाला वाचता येत नसेल तर त्यापेक्षा मोठी तातडी दुसरी नाही. पण एक लक्षात घ्या. ज्या हुशार मुलाच्या घरी पैसा आहे ते केव्हाच इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये बसून गेलं. माझ्या वर्गात जे उरलं आहे, त्याचं पुढे जाणं सर्वस्वी सरकारी शाळेवर अवलंबून आहे. त्याला थांब म्हणायचं म्हणजे गरिबाच्या मुलाला थांब म्हणायचं. आणि ते नुसतं थांबत नाही. कंटाळलेलं हुशार मूल आधी शेजारच्याला त्रास देतं, मग खिडकीबाहेर बघायला लागतं आणि सातवी-आठवीत शाळा सोडून देतं. शाळा सोडलेल्या मुलांची कारणं लिहिताना आम्ही 'स्थलांतर' लिहितो, 'घरची परिस्थिती' लिहितो. 'शाळेत नवं काही मिळेना' असं कारण मी कधी लिहिलं नाही, पण काही मुलांच्या बाबतीत ते खरं होतं.

एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी चौथीतल्या एका मुलाच्या दप्तरात सहावीचं गणिताचं पुस्तक पाहिलं. मीच दिलं होतं. त्यांनी विचारलं, याचा चौथीचा अभ्यासक्रम पूर्ण झाला का? मी म्हणालो, सप्टेंबरातच झाला. ते म्हणाले, मग उजळणी घ्या. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या हातातल्या प्रपत्रात मागे असलेल्या मुलांसाठी रकाने होते, अपेक्षित पातळीवरच्या मुलांसाठी होते. त्यापलीकडच्या मुलासाठी रकानाच नव्हता, मग त्यांनी तरी काय लिहावं?

हे सगळं नव्याने शोधावं लागेल असंही नाही. महाराष्ट्राने हा विचार फार आधी केला आहे. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांच्या शिक्षणासाठीच, आणि साठ वर्षांहून अधिक काळाचा अनुभव तिथे साठला आहे. ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी शासनाने स्वतः विद्यानिकेतनं काढली. पुसेगाव, धुळे, औरंगाबाद, अमरावती इथल्या त्या शाळांतून खेड्यातली कितीतरी पोरं मोठ्या पदांवर गेली. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तर विशेष प्रतिभेच्या मुलांवर स्वतंत्र परिच्छेद आहेत. शिक्षकांनी अशा मुलांना पूरक साहित्य द्यावं, शाळा आणि शाळासमूह पातळीवर विषयवार मंडळं असावीत, बी.एड.मध्ये या विषयाचं विशेष प्रशिक्षण असावं, असं त्यात लिहिलं आहे. धोरणाच्या बाकीच्या कलमांवर आमची किती प्रशिक्षणं झाली, त्याची गणती नाही. या परिच्छेदांवर माझं एकही झालेलं नाही.

मला जे सुचतं ते आमच्या शाळांच्या रचनेतूनच सुचतं. राज्यात ४,८६० केंद्रं आहेत. एका केंद्रात दहा-पंधरा शाळा येतात, महिन्याला शिक्षण परिषद भरते, केंद्रशाळेला जरा मोठी इमारत असते. प्रत्येक शाळेतून एक-दोन मुलं धरली तरी केंद्रात पंधरा-वीस होतात. महिन्यातून दोन शनिवार ही मुलं केंद्रशाळेत एकत्र येऊ द्या. केंद्रातल्या पन्नासेक शिक्षकांत गणिताचा, पक्ष्यांचा, जुन्या वस्तूंचा, चित्रांचा किंवा कवितेचा नाद असलेले तीन-चार जण निघतातच, मी पैजेवर सांगतो. त्यांना ती दोन सत्रं द्या आणि तेवढ्यापुरतं बीएलओचं, म्हणजे मतदारयाद्यांचं काम, ऑनलाइन माहिती भरणं यातून मोकळं करा. कापरेकर मास्तरांकडे गणिताची मोठी पदवी नव्हती. देवळालीच्या शाळेत शिकवून उरलेल्या वेळात ते आकड्यांशी खेळत, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. आमच्यात तसा नाद असलेले शिक्षक आजही आहेत. त्यांना कुणी विचारत नाही एवढंच.

या शनिवारचा सगळ्यात मोठा फायदा अभ्यासाचा नसेल. वाडीवरच्या शाळेतलं असं मूल फार एकटं असतं. त्याच्या प्रश्नाला वर्गात कुणी दाद देत नाही, घरी 'लई बोलतंय' म्हणून गप्प करतात. आपल्यासारखं आणखी एक मूल चार कोसांवर आहे आणि तेही रात्री झोपताना आकडे मोजतं, हे त्याला कळलं तरी ते टिकून राहील. मी त्या मुलीला अशी एकही मैत्रीण मिळवून देऊ शकलो नाही.

निवडीसाठी नवी परीक्षा कृपा करून काढू नका. त्या क्षणी तिचे गाइड छापून येतील. वर्षभर मुलाला बघा. शिक्षकाने सुचवावं, पालकांना विचारावं, मुलांनाही विचारावं. 'अडलं तर तू कुणाकडे जातोस?' या प्रश्नाला मुलं फार खरं उत्तर देतात. यादी झाली की केंद्रप्रमुखांनी एक गोष्ट पाहावी: यात तांड्यावरचं मूल आहे का, पारधी वस्तीवरचं आहे का, मुली किती आहेत, दिव्यांग मूल आहे का. नसेल तर यादी परत पाठवावी. आणि यादी कायमची नसावी, मूल आत यावं, बाहेर जावं, पुन्हा यावं.

एका विषयात पुढे असलेल्या मुलाला त्या तासापुरतं वरच्या वर्गात बसू द्या आणि तशी लेखी मुभा मुख्याध्यापकांना द्या. पूर्वीचे गुरुजी एखाद्या पोराला सरळ एक यत्ता वर चढवायचे. वयानुरूप वर्गाचा नियम मला मान्य आहे, लहान मूल मोठ्यांत एकदम टाकलं तर कोमेजतं हेही मी पाहिलंय. पण विषयापुरतं वर बसण्याने कुणाचं बिघडत नाही. आमच्या बहुवर्ग शाळांत तर हे आपोआप घडतं. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळांची चर्चा झाली तेव्हा सगळीकडे त्यांच्या उणिवाच मांडल्या गेल्या. मी अशाच शाळेत पाहिलंय की दुसरीतलं चुणचुणीत पोर कान मात्र चौथीच्या गणिताकडे लावून बसलेलं असतं आणि चौथीतलं कुणी अडलं की तेच हळूच उत्तर सांगतं. या शाळा बंद करण्याआधी त्यांच्यातली ही ताकदही कुणीतरी कागदावर मोजावी.

पुस्तकांचं तर मी किती सांगू. शाळेला येणारी पुस्तकं इयत्तेच्या मापाची असतात, कारण खरेदी करताना तसंच मोजलं जातं. केंद्रशाळेत एक कपाट पुढच्या पुस्तकांचं असू द्या, सहावी ते दहावीची पाठ्यपुस्तकं, विज्ञानाची मासिकं, नकाशे, कोश, भिंग, थोडी हत्यारं. त्या कपाटाला कुलूप नको, आणि पुस्तक हरवलं तर शिक्षकाच्या पगारातून वसुली नको. वसुलीच्या भीतीने कितीतरी शाळांत नवी कोरी पुस्तकं पेटीत पडून असतात.

आणि स्थलांतराचं. जाणाऱ्या मुलाला आपण शिक्षण हमी पत्रक देतो, ते दाखवून त्याला कारखान्याजवळच्या शाळेत बसता यावं म्हणून. त्या पत्रकावर एक ओळ वाढवा: हे मूल कशात रमतं आणि कुठवर पोचलंय. तिकडच्या गुरुजींना ते वाचून निदान कळेल की कोपीवरून आलेलं हे पोर पाटीवर मुळाक्षरं गिरवायला बसवायचं नाही. सोबत एक जाड कोरी वही द्या. काटापावतीच्या पाठीवर पाच आकडी वजाबाकी मावत नाही, अक्षर फार बारीक काढावं लागतं.

एवढं सगळं एका वर्षात होणार नाही हे मलाही कळतं. चार-पाच तालुक्यांत करून पाहा, चुका आम्ही कळवू. पण एक गोष्ट याच वर्षी होऊ शकते आणि तिला पैसा लागत नाही. कोविडची वर्षं सोडली तर अलीकडे शिष्यवृत्ती परीक्षा फेब्रुवारीत झाली आहे. फेब्रुवारीत गाळप ऐन भरात असतं आणि आमची मुलं सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, नगरच्या फडांवर असतात, काही कर्नाटकात असतात. आपण सगळ्यात गरिबातल्या हुशार मुलासाठी परीक्षा ठेवतो, आणि ती नेमकी ते मूल गावात नसतं तेव्हा घेतो. एक तर परीक्षा हंगाम संपल्यावर घ्या, नाहीतर मूल जिथं असेल तिथल्या जवळच्या परीक्षा केंद्रावर, गावाकडच्याच अर्जावर त्याला बसू द्या.

तारीख ठरवण्याआधी परीक्षा परिषदेने साखर आयुक्तालयाकडून गाळपाच्या अंदाजे तारखा मागवून घ्याव्यात. दोन्ही कार्यालयं पुण्यातच आहेत.

आपला नम्र,
एक प्राथमिक शिक्षक,
जिल्हा परिषद शाळा, मराठवाडा